एकाच नंबराच्या त्रेपन्न बायका

तीस वर्षं मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. संशय घेणं हा माझा स्वभाव म्हणा की धंदा म्हणा, पोट दुखतंय म्हणणाऱ्याचं पोट खरंच दुखतंय का, वहीतली सही बापाची की थोरल्या भावाची, शेजारच्या दोन बाकांवर एकच चूक एकाच जागी कशी आली, हे बघण्याचाच मला पगार मिळत होता. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कुणीतरी म्हणालं, "विजयाबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही." सगळे हसले. मी ते वाक्य घरी येऊन यजमानांना दोनदा ऐकवलं.

नेहाने तो नकाशा काढला तो माझ्याच सांगण्यावरून. नेहा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीत ती नकाशांचं काम करते. कुठल्या गल्लीत किती गिऱ्हाईकं, कुठली गाडी कुठून वळवायची, असलं काहीतरी. सुरतेत डिंडोलीला आमचं महिला मंडळ आहे, मी अकरा वर्षांपूर्वी माझ्याच दिवाणखान्यात सुरू केलेलं. हळदीकुंकू, तपासणी शिबिर, श्रावणात कानबाईचा उत्सव, आणि गेल्या वर्षापासून नवागाममध्ये शाळा सुटलेल्या बायकांसाठी दहावीचा वर्ग. वर्गाला पुस्तकं पुरवणाऱ्या वडोदऱ्याच्या संस्थेने विचारलं होतं की तुमच्या कार्यक्रमांना कोण येतं, कुठून येतं, कोण कोणाला घेऊन येतं, ते जरा दाखवा. नेहा म्हणाली, "मावशी, तुझ्या हजेरीच्या वह्या दे, मी दाखवते."

वह्या होत्याच. माझ्या मंडळात दारात वही असते. नाव, पत्ता, मोबाईल नंबर, कोणाबरोबर आलात, सही. वाण घ्यायला आलेल्या बाईलासुद्धा मी सही केल्याशिवाय आत सोडत नाही. यावरून यजमान माझी चेष्टा करतात की तू देवळात गेलीस तर देवाचीही हजेरी घेशील.

रविवारी सकाळी नेहा लॅपटॉप घेऊन आली. "मावशी, जो ने, मजा आवशे," म्हणत तिने तो जेवणाच्या टेबलावर उघडला. एक ठिपका म्हणजे एक बाई. जिथे राहते तिथे ठिपका. एक बाई दुसरीला घेऊन आली की दोघींमध्ये रेष. जितक्या रेषा जास्त, तितका ठिपका मोठा. नावं तिने मुद्दाम लपवली होती, ठिपक्यांवर नुसते आकडे होते. कुठला आकडा कोण याची यादी वेगळ्या कागदावर, फक्त माझ्यासाठी.

पहिल्या नकाशात अर्ध्या बायका सुरतेत नव्हत्याच. कोणी शिरपूरला, कोणी तळोद्याला, कोणी साक्रीच्या पुढे. आमच्या खानदेशी बायका! नवागाममध्ये वीस वर्षं झाली तरी पत्ता लिहा म्हटलं की गावचा लिहितात. यजमान चहा घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "तुझं मंडळ धुळे जिल्ह्यात भरतं वाटतं." नेहालाही हसू आलं.

"म्हणून मी दुसरा उपाय केला," ती म्हणाली. "ज्यांचा इथला पत्ता नाही, त्यांचा फोन नंबर बघितला. तो नंबर ज्या घराचा, तिथे ठिपका नेला." तिने एक कळ दाबली. खानदेशातले ठिपके उठले आणि नवागाममधल्या एका गल्लीत, एका खोलीवर जाऊन बसले. सगळे. एकाच खोलीवर.

"किती आहेत?"

"त्रेपन्न. सगळ्यांच्या नावापुढे एकच नंबर आहे, मावशी. भागीरथीबाईंचा."

भागीरथी आमच्या मंडळात आली त्याला तीनच वर्षं झालीत. नंदुरबारकडची, पंचेचाळिशीची, बारावी झालेली. नवरा कापड रंगवायच्या डाइंगच्या कारखान्यात. ती बाजारातून साड्यांचे गठ्ठे आणते आणि गल्लीतल्या बायकांना वाटते, त्या घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवतात. पहिल्या वर्षी ती आमच्याकडे सतरंज्या घालायला यायची. दुसऱ्या वर्षी तिच्यामागून वीस बायका आल्या. तिसऱ्या वर्षी दहावीचा वर्ग तिच्याच खोलीवर सुरू झाला, कारण नवागामच्या बायका म्हणे डिंडोलीपर्यंत यायला तयार नव्हत्या. दर मंगळवारी दुपारी तीनला वर्ग, शिकवणारी भागीरथी, हजेरी ठेवणारीही भागीरथी. मी फक्त महिन्याच्या शेवटी वही बघायची.

"माझा ठिपका कुठे आहे?" मी विचारलं.

नेहाने नकाशा इकडे तिकडे सरकवला. मग बोट ठेवलं. मुगाएवढा ठिपका, त्याला तीन रेषा. भागीरथीचा ठिपका बशीएवढा होता आणि रेषा मोजण्यापलीकडे. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. मंडळ मी काढलं, अकरा वर्षं खुर्च्या मी मांडल्या, आणि ही कानामागून आली नि तिखट झाली. पण मत्सराला मत्सर म्हणायची माझी तेव्हा तयारी नव्हती. मी त्याला संशय म्हटलं.

"ही नावं खरी कशावरून?" मी म्हणाले. "एका नंबरावर त्रेपन्न बायका? आज भाजीवाल्याकडे दोन दोन फोन असतात. हिने घरात बसून नावं भरली असतील. म्हणजे माझ्यामागे बघा केवढ्या बायका, असं दाखवायला. पुढच्या वर्षी पालिकेची निवडणूक आहे. एखाद्या उमेदवाराला असल्या यादीचं काय मोल असतं, तुला नाही कळणार."

"मावशी, फोन एकच असेल, बायका खऱ्या असतील," नेहा म्हणाली. "आकड्यांवरून एवढंच कळतं की काहीतरी वेगळं आहे. काय वेगळं आहे ते भागीरथीबाईंनाच विचार ना. आणि हा कागद बाहेर कोणाला दाखवू नकोस."

तिनेच विचारायला सांगितलं होतं, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. मी म्हटलं, चोराला विचारून कोणी चोरी पकडतं का? नेहाने नकाशाची एक मोठी छापील प्रत मला दिली आणि ती गेली.

मंगळवारी मी न कळवता नवागामला गेले. शाळेत मी असंच करायची, तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या वर्गाच्या दारात उभी राहायची. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली. आतल्या शेडमधून कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट येत होता, त्या आवाजात माणसं मोठ्यानेच बोलतात. कोपऱ्यावर खाटेवर इंदुबाई लसूण सोलत बसली होती. माझा जुना विद्यार्थी गोपाल, त्याची ही आई. मला बघून ती उठलीच.

"बाई! कथा जाई राहिनात?"

"भागीरथीकडे."

"चाला, मी दखाडस तुमले घर." घर मला माहीत होतं, पण इंदुबाई पुढे निघाली. दर दोन दारांना थांबून ती सांगत होती की गोपालच्या शाळेच्या बाई आल्या. कोणीतरी आत वळून काहीतरी बोलत होतं. आम्ही पोचण्याआधी आमची बातमी पोचली होती. "भागीरथी, वं भागीरथी! बाई उन्यात!" इंदुबाईने दारातूनच हाक दिली आणि माझ्या पाठीशी चिकटून उभी राहिली.

आत अकरा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर साडी पसरलेली, बाजूला डिंकाची वाटी, खड्यांची पुडी. पुस्तक नाही, वही नाही, फळा नाही, खडूचा तुकडासुद्धा नाही. मी सगळीकडे नजर फिरवली. भागीरथी उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"या बाई, बसा ना."

"आज मंगळवार आहे ना?"

"हो बाई."

"तीन वाजून गेलेत?"

"हो."

"मग?"

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होती. मला वाटलं, पळायला वाट शोधतेय. "आज जरा मालाची घाई आहे बाई," ती म्हणाली. "संध्याकाळी गठ्ठा परत द्यायचाय." दहा माना खाली होत्या. एकच वर होती, सोनालीची. सोनाली म्हणजे गोपालची बायको, तेवीस वर्षांची, काटकुळी, मंडळात आली की सगळ्यात मागे बसणारी. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या मांडीवरच्या साडीत एकही खडा चिकटवलेला नव्हता. मी तेही टिपलं. म्हटलं, काम करायचंही नुसतं नाटक.

मी परत फिरले तशी ती माझ्यामागे गल्लीत आली. "बाई, थांबा ना जरा."

इंदुबाई माझ्या शेजारीच होती. सोनालीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला जे बघायचं ते बघून झालंय," मी म्हणाले आणि रिक्षा थांबवली.

संध्याकाळपर्यंत भागीरथीचे चार फोन आले. मी एकही उचलला नाही. खाई त्याला खवखवे, असं मी यजमानांना म्हणाले. ते म्हणाले, "अगं, ऐकून तरी घे." मी म्हटलं, पुरावा हातात आल्याशिवाय नाही. तोंडी खुलासे मी शाळेतही कधी ऐकले नाहीत.

पुरावा मिळवायची माझी एक पद्धत होती. पोराचं खरंखोटं करायचं असेल तर पोराला विचारायचं नाही, पालकाला विचारायचं. तीस वर्षं हेच केलं. तेवीस वर्षांच्या बाईचा पालक कोण आणि तिला पालक असतो तरी का, हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. मी सरळ तिच्या नवऱ्याला फोन लावला.

गोपाल सातवीनंतर शाळा सोडून लूमवर लागला. अभ्यासात यथातथाच, पण सांगितलेलं ऐकणारा. अजून दर शिक्षक दिनाला तो पाया पडायला येतो. बुधवारी दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, मी त्याला गाठलं. मागे लूम चालू होते, तो बाहेर आला तसा आवाज कमी झाला.

"बोला बाई."

"गोपाल, सोनाली दर मंगळवारी दहावीच्या वर्गाला जाते का रे?"

लूमचा आवाज आणखी दूर गेला.

"भागीरथीच्या खोलीवर. वर्ग असतो तिथे."

"ती तर साडीचं काम करायला जाते बाई."

"म्हणजे वर्गाला नाही जात?"

"कोणता वर्ग?" त्याने विचारलं. "दहावीचा?"

"हो रे, दहावीचा. वहीत तिचं नाव आहे, प्रत्येक मंगळवारी सही आहे. परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरलाय तिच्या नावाने."

"फोटो लावून?"

"फोटो लावून. म्हणूनच तर विचारतेय."

"बरं बाई," तो म्हणाला. मग त्याने परत एकदा "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मी वहीत लिहिलं, 'सोनाली वर्गाला जात नाही, पतीकडून खात्री.' खाली लाल रेघ मारली. मग त्याच गल्लीतल्या लोटूला फोन लावला, त्याची बायकोही त्या अकरांत होती. त्याचा लागला नाही. जेवून पुन्हा लावू म्हटलं आणि राहून गेला.

गुरुवारी दुपारी भागीरथी न बोलावता घरी आली. मी तयारच होते. टेबलावर नकाशा पसरला, पेन्सिल घेतली आणि तिला समोर बसवलं. यजमानांनी चहा आणून ठेवला आणि ते आत गेले, त्यांना भांडणं आवडत नाहीत.

"ही तू," मी पेन्सिल टेकवली.

तिने बराच वेळ कागद बघितला. "एवढी मोठी?" म्हणाली, आणि हसली. "आणि या सगळ्या रेषा?"

"या बायका. त्रेपन्न नावं आणि सगळ्यांपुढे तुझा नंबर. आता मला समजावून सांग."

"त्यात काय समजवायचं बाई? त्यांनी दुसरा कोणता नंबर द्यायचा?" ती म्हणाली. "घरात फोन असतो, पण तो नवऱ्याचा. नाहीतर बाईच्या हातात असतो आणि संध्याकाळी सासू बघते कोणाचे फोन आले. मंडळातून फोन आला की चौकशी. काय होतं तिथं, कोण कोण होतं, तू कशाला गेलतीस. म्हणून मीच म्हटलं, माझा लिहा. कार्यक्रम असला की तुम्ही मला सांगता. मी गल्लीत सांगते, माल आलाय, तीन वाजता या. घरचे सोडतात. साडीच्या कामाला कोणी नाही म्हणत नाही."

"आणि वर्ग? मंगळवारी मी डोळ्यांनी बघितलं."

"काय बघितलं बाई? साड्या बघितल्या. साड्यांच्या खाली काय होतं ते नाही बघितलं." तिने पिशवीतून वह्यांचा एक गठ्ठा काढून नकाशावर ठेवला. "तुम्ही एकट्या आल्या असत्या तर त्यांनी पुस्तकं लपवली नसती. तुमच्यासाठी नव्हती लपवली. इंदुबाई तुमच्या मागं उभी होती."

मी वरची वही उघडली. सोनालीची. बीजगणित. एक एक पायरी सुटी, स्वच्छ, समान चिन्हं एकाखाली एक. असा हात वर्गात चाळिसात एखाद्याचा असतो. मला एकदम आठवलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवात हीच मुलगी वाण घेऊन माझ्याजवळ आली होती आणि हळूच म्हणाली होती, "बाई, गणितात क्षच का घेतात, दुसरं अक्षर का नाही?" मी तिळगूळ वाटत होते. पुढं कळेल, म्हटलं तिला. जी बाई वर्गाला जात नाही तिला हा प्रश्न पडेल का, एवढं मला कळायला हवं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, आणि मी आरसा शोधत हिंडत होते.

"लपवायचं कशाला पण?" मी विचारलं. माझा आवाज खाली आला होता.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली एक सून शिकली. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला लागली आणि सहा महिन्यांत पोराला घेऊन वेगळी खोली केली. नवरा मारायचा म्हणून गेली, पण ते कोणी नाही सांगत. शिकली आणि उडाली, एवढंच सांगतात. तेव्हापासून पुस्तक दिसलं की गल्लीला धडकी भरते." तिने चहाचा घोट घेतला. "परीक्षा झाली की सांगणार होतो बाई. पास झाल्याचा कागद हातात घेऊनच सांगायचं ठरलं होतं सगळ्यांचं. सतरा दिवस राहिलेत. मंगळवारपासून तुम्हाला फोन करतेय, की बाई, कोणाला बोलू नका. तुम्ही आधी मला विचारलं असतं तर..."

"मी विचारलं," मी म्हणाले. "गोपालला."

तिने कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही.

"कोणाले?"

"गोपालला. काल. फोनवर."

"गोपालले इचारं तुम्ही?" भागीरथी माझ्याशी तीन वर्षं शाळेतल्यासारखी मराठी बोलायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा तिच्या बोलीत बोलली, तेही माझ्याशी नाही, स्वतःशीच. "कालदी? आनि ती आज मना फोन का बरं उचलत नही, मी म्हणस..." ती उठली. वह्या टेबलावरच राहिल्या. जिन्यावरून ती कोणालातरी फोन लावत उतरली, पायांत चपला नीट घातल्या नव्हत्या.

संध्याकाळी तिचा फोन आला. या वेळी पहिल्या घंटीला उचलला. "खोलीत नाही सोनाली," ती म्हणाली. "सासू म्हणते, गावी गेली." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं आपण सहज म्हणतो. मी काय करायला गेले होते, तेच मला त्या संध्याकाळी धड सांगता येईना.

शनिवारी सकाळी दहा वाजता गोपाल आला. विजेचा खाडा होता, लूम बंद. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या वाकून पाया पडला.

"थँक्यू म्हणायला आलो बाई."

मी त्याला खुर्ची दाखवली. त्याने पिशवीतून पुस्तकं काढली, सहा, सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, आणि टेबलावर नीट रचून ठेवली. "मंडळाची आहेत ना ही. गव्हाच्या डब्यात होती."

"सोनाली कुठे आहे?"

"गुरुवारी गावी सोडून आलो. स्वतः जाऊन."

"मारलंस तिला?"

"नाही बाई!" त्याला ते लागलं. "तुमचा विद्यार्थी आहे. हात नाही लावला. फक्त विचारलं. तर म्हणाली, हो, शिकते. पण दहा महिने झाले ने बाई. दहा महिने रोज जेवायला वाढलं मला आणि बोलली नाही. तुम्ही होत्या म्हणून कळलं. गल्लीत बाकी कोणी सांगितलं असतं तर मी मानलंच नसतं."

"गोपाल, ऐक. चूक माझी आहे. मला वाटलं वर्ग खोटा आहे, म्हणून मी फोन केला. वर्ग खरा आहे. तुझी बायको हुशार आहे रे, मी तिची वही बघितली. तिची परीक्षा दोन आठवड्यांवर आली आहे. जा आणि तिला घेऊन ये. माझ्यासाठी घेऊन ये."

तो खाली बघत ऐकत होता, शाळेत उभा राहायचा तसा. मी थांबले तेव्हा म्हणाला, "बाई, सातवीत तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलं होतं. आठवतं? तुम्ही म्हणालात, गोपाल, पुस्तक राहू दे आता, तुझ्यानं होणार नाही, बापाबरोबर लूमवर जा. मी गेलो. राग नाही बाई, तुम्ही खरं तेच बोललात. लूम चांगला चालवतो मी. आठ मशीन बघतो एकटा. पण आता घरात मी सातवी नापास आणि ती दहावी पास, तर माझं कोण ऐकेल? पोरगं झालं उद्या, तर ते कोणाला विचारेल?"

मला आठवत नव्हतं. म्हणाले असेन. कितीतरी पोरांना म्हणाले असेन, दर वर्षी दोघातिघांना. तेव्हा तो सल्ला वाटायचा. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला माझीच भयंकर लाज वाटली.

"मी चुकले तेव्हाही," मी म्हणाले.

"नाही बाई, तुम्ही नाही चुकत," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मग त्याची नजर टेबलावर गेली. पुस्तकांच्या खालून नकाशा बाहेर डोकावत होता. त्याने एक पुस्तक बाजूला केलं. "आ शुं छे? ही आमची गल्ली ने?"

"मंडळाचं काम आहे. कार्यक्रमांना कोण येतं त्याचं."

"सोनाली आहे यात?"

नाही म्हणायला हवं होतं. पण विद्यार्थ्याने विचारलं की उत्तर द्यायची खोड जात नाही. माझं बोट आपसूक त्या ठिपक्यावर गेलं. एकोणीस नंबर, पत्ता इथलाच लिहिलेला. चांगला लिंबाएवढा ठिपका होता, माझ्या कितीतरी पट. त्यातून नऊ रेषा निघाल्या होत्या.

"या रेषा?"

"ती ज्यांना बरोबर घेऊन आली, त्या."

त्याने एक एक रेष बोटाने धरून शेवटपर्यंत नेली. पहिली, दुसरी, तिसरी. "एवढ्या बायकांशी बोलते ती?" तो म्हणाला. "घरात तर दोन शब्द बोलत नाही. मी म्हणायचो, तुला कोणी मैत्रीण नाही का. तर हसायची." तो रागावला नव्हता, गोंधळला होता. मग त्याचं बोट एका ठिपक्यावर थांबलं. त्याच गल्लीतला, त्याच्या घरापासून तिसरा. "हे तर लोटूभाऊचं घर. बाई, लोटूभाऊ काल विचारत होता, माझी पण जाते का म्हणून. गल्लीतल्या त्या उखानेसुद्धा विचारलं. मी म्हटलं, बाईंना विचारून सांगतो. बाईंकडे सगळी यादी असणार."

यादी टेबलाच्या खणात होती, आकडा आणि नाव, माझ्याच अक्षरात. दहा बायका, दहा डबे, दहा पुस्तकांचे गठ्ठे. परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. गोपाल माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल तसूभरही शंका नव्हती.

"या सगळ्या हळदीकुंकवाच्या," मी म्हणाले.

"वर्गाच्या नाहीत?"

"वर्गाला सोनाली एकटीच जायची. बाकीच्या खडे चिकटवतात. मी स्वतः जाऊन बघितलं मंगळवारी. तुझी आई होती माझ्याबरोबर, तिला विचार. सगळ्यांच्या मांडीवर साड्या होत्या."

"एकटीच?"

"एकटीच."

त्याचा चेहरा पडला. बाकीच्याही जातात असं मी म्हणाले असते, तर त्याला थोडं हलकं वाटलं असतं, हे मला दिसत होतं. अख्ख्या गल्लीत फक्त आपलीच बायको खोटं बोलली, हे घेऊन तो उठला. सोनालीच्या परत येण्याची उरलीसुरली वाट मी त्या एका शब्दाने बंद केली होती, आणि दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता.

"बरं झालं बाई, तुमच्याकडून कळलं," तो म्हणाला. "लोटूभाऊला सांगतो, बाई बोलल्या म्हणजे झालं." पिशवीची घडी करून त्याने खिशात घातली. दारात पुन्हा वाकला.

"पुढं पण असं काही दिसलं तर मला फोन करा हां, बाई."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "करीन," म्हणाले.